लागत नाही आणि इतर नमुने

शाळेत त्यांना सगळे नोंदबाई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं. पण त्या नावाने कुणी हाक मारलीच असती, तर दुसऱ्या कुणाला बोलावताहेत असं समजून बाईंनी अंग चोरून वाट करून दिली असती.

त्यांची खोली तळमजल्यावर, जिन्याखाली. छत जिन्यासारखंच उतरतं. त्यामुळे उभं राहायचं ते दाराशी आणि बसायचं ते आत, असा त्या खोलीचा कायदा. मधल्या सुट्टीची घंटा झाली की बाराशे पावलं डोक्यावरून धडधडत जात आणि टेबलावरच्या चहात लाटा उठत. या खोलीत बसून बाईंनी बावीस वर्षं एकच काम केलं. शाळेत जे मोडेल, गळेल, अडकेल किंवा करकरेल त्याची वहीत नोंद करायची आणि ते दुरुस्त करायला मिस्त्रींना धाडायचं.

मिस्त्री म्हणजे उंच, वाळका, कमी बोलणारा माणूस. खांद्याला दहा किलोची हत्यारांची पिशवी आणि डावा गुडघा कुरकुरणारा. शाळेला चार मजले, पायऱ्या ब्याण्णव. मिस्त्री कितव्या पायरीवर आहेत ते बाई खालून आवाजावरून सांगत. गुडघा पहिल्या मजल्यापर्यंत गप्प असे, दुसऱ्यावर कण्हे आणि तिसऱ्यावर सरळ भांडायलाच लागे.

वहीचं एक बरं होतं. तक्रार करणारा माणूस समोर उभा असायचा.

"बाई, लागत नाही हो!"

"काय लागत नाही?"

"दार."

"कुठलं?"

"प्रयोगशाळेचं. मागचं."

"कडी बसत नाही, की लाकूड फुगलंय?"

"ते नाही बघितलं."

"मग बघून या. मी आहे इथंच."

माणूस बघून यायचा, मिस्त्री रंधा घेऊन जायचे, दार लागायचं. बाई विचारतात ते प्रश्न म्हणजे काही खास गोष्ट आहे, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. बाईंच्याही नाही.

मग मागच्या वर्षी संगणक आला. आता जिना उतरून यायला नको. आपापल्या फोनवरून तक्रार टाकायची. त्या तक्रारीला म्हणायचं 'तिकीट'. हे ऐकून मिस्त्री बाईंना म्हणाले, "म्हणजे आता जिना चढायलाही तिकीट लागणार?" आणि स्वतःच्याच विनोदावर दोन दिवस खूश राहिले. तिसऱ्या दिवसापासून हसू मावळलं.

कारण समोर माणूस नाही म्हटल्यावर जो तो आपल्या स्वभावाप्रमाणे लिहू लागला. भाषेच्या बाईंनी तिकीट टाकलं : 'आमच्या वर्गाच्या ईशान्य कोपऱ्यात गेले काही दिवस एक विषण्ण अंधार दाटून राहिला आहे.' दिवा गेला होता. इतिहासाच्या सरांनी खिडकीची तक्रार ती खिडकी बसवली त्या सालापासून सुरू केली आणि सद्यःस्थितीपर्यंत येण्याआधीच तास संपल्याची घंटा झाली. विज्ञानाच्या बाई तेवढ्या उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण असं सगळं लिहून शेवटी 'अनुमान : नळ गळतो' म्हणत. त्यांच्या तिकिटाची पापी घ्यावी असं नोंदबाईंना वाटे. आणि खेळाचे सर! ते धावता धावता लिहीत असावेत. त्यांचं प्रत्येक तिकीट दोन शब्दांचं :

'लागत नाही.'

एवढंच. खोली नाही, वस्तू नाही. आता आपल्या भाषेत काय लागत नाही हो? दार लागत नाही, दिवा लागत नाही, फोन लागत नाही, कडी लागत नाही, नेम लागत नाही. खेळाच्या सरांच्या बाबतीत तर शेवटचंही शक्य होतं. मिस्त्री बिचारे दिव्याचं सामान घेऊन चार मजले चढत आणि वर निघे दार. खाली येऊन रंधा घेऊन पुन्हा वर. तोवर कंटाळून तक्रारदाराने तिकिटावरचं 'पुन्हा उघडा' हे लाल बटण दाबलेलं असे. म्हणजे मिस्त्रींनी काम केलं नाही, किंवा केलं ते धड केलं नाही, अशी संगणकाच्या दफ्तरी नोंद.

सगळ्यात मोठा घोळ वर्ष सरता सरता चित्रकलेच्या खोलीत झाला. तिथल्या बाईंनी लिहिलं : 'मोठं कपाट लागत नाही.' हे तिकीट पाहून नोंदबाईंना भरून आलं. वस्तूचं नाव आहे! मिस्त्रींनी अख्खी दुपार त्या कपाटात घातली. बिजागऱ्या काढल्या, तेल दिलं, दोन्ही दारं तासली. कपाट असं लागायला लागलं की बोटाने ढकललं तरी 'टक्' करून बंद. घाम पुसत मिस्त्री उभे आहेत, तोच चित्रकलेच्या बाई आल्या.

"हे काय? अजून इथंच?"

"लागतंय बघा आता. झकास."

"अहो मिस्त्री, मला ते लागत नाही! नकोय! घेऊन जा म्हणून लिहिलं होतं मी!"

मिस्त्रींनी कपाटाचं दार उघडलं, बोटाने ढकललं, पुन्हा एकदा 'टक्' ऐकलं आणि खाली आले. पाठोपाठ लाल बटण.

महिना संपला आणि मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, नोंदबाईंना बोलावलं. टेबलावर संगणकाने काढलेला कागद होता.

"एकशे अठरा तिकिटं. त्यातली सत्तेचाळीस पुन्हा उघडलेली," मोठ्या बाई म्हणाल्या. "समितीने हे पाहिलंय. मिस्त्रींचं वय झालं, असं अध्यक्षांचं म्हणणं. दुरुस्तीचं काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं चाललंय. पुढच्या महिन्याचा कागद बघून ठरवतील."

"आणि मिस्त्री?"

मोठ्या बाईंनी चष्मा काढला आणि पुसत बसल्या. काच आधीच स्वच्छ होती.

नोंदबाई जिना उतरल्या तेव्हा मिस्त्री त्यांच्या दाराशी, कायद्याप्रमाणे उभे होते. त्यांना सगळं कळलेलं होतं.

"एकतीस वर्षं झाली बाई," ते म्हणाले. "मला काम येत नाही असं कधी कुणी म्हणालं नव्हतं. आता मशीन म्हणतंय."

हे त्यांचं त्या वर्षातलं सगळ्यात मोठं भाषण. ते संपवून ते नळाचं वायसर शोधायला निघून गेले.

नोंदबाईंचे यजमान शिंपी. घराची पुढची खोली म्हणजे दुकान, मागच्या दोन खोल्या म्हणजे संसार आणि मधलं दार म्हणजे दोन्हींकडच्या बातम्यांची ये-जा. सासूबाई खिडकीशी बसून काज आणि बटणं करीत. वय ऐंशी. "मला चष्मा लागत नाही," हे दिवसातून एकदा तरी ऐकवत, आणि आठवड्यातून एकदा तरी कफाचं बटण कॉलरला लावत.

त्या संध्याकाळी बाई घरी आल्या त्या धुमसतच. पायातलं फेकलं, पिशवी फेकली आणि शिवणयंत्राशेजारच्या स्टुलावर बसून सगळं सांगू लागल्या. कपाटापर्यंत आल्या तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. कापड पुढे करून म्हणालं, "शर्ट शिवायचाय. नेहमीसारखा."

"हो," म्हणत यजमानांनी पेन्सिल कानावरून काढली. "कॉलर ताठ की मऊ? खिसा एक की दोन? बाही पूर्ण? खाली गोल की सरळ?"

गिऱ्हाईकाने चारही उत्तरं दिली आणि गेलं. यजमानांनी भिंतीकडे हात केला. भिंतीवर खिळ्यांची रांग आणि प्रत्येक खिळ्याला पुठ्ठ्याचे कापलेले तुकडे टांगलेले : कॉलरचे, बाहीचे, खिशाचे. हे नमुने लग्नाआधीपासून तिथे होते. बाईंनी ते हजारदा झटकले होते. यजमानांनी ताठ कॉलरचा नमुना काढला, कापडावर ठेवला, खडूने भोवती रेघ मारली.

"तो तर नेहमीसारखा म्हणाला," बाई म्हणाल्या. "मग विचारलंत कशाला इतकं?"

"अगं, गिऱ्हाईकाला काय हवंय ते ठाऊक असतं, सांगता येत नसतं. आपण विचारावं लागतं. आणि रोज नव्याने कोण आठवत बसणार काय काय विचारायचं ते? हा पुठ्ठाच मला आठवण देतो. बाहीचा काढला की बाहीचं विचारायचं."

बाई स्टुलावरून उठल्या. त्यांना उचकी लागली. आनंद झाला की बाईंना उचकी लागते. निकालाच्या दिवशी, लग्नाच्या दिवशी, नवा पंप बसला त्या दिवशी, सगळ्या शुभदिनी त्या उचक्या देत हिंडल्या होत्या.

"पुठ्ठा!" उचकी. "अहो, पुठ्ठा नाही माझ्याकडे! मी वहीजवळ बसून विचारायची ना, ते विचारणारंच कुणी नाही तिथे! मशीनला पुठ्ठा टांगायला हवा!"

"हिला पाणी द्या रे कुणीतरी," सासूबाई म्हणाल्या आणि काळं बटण पांढऱ्या शर्टाला लावून मोकळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी बाई शाळेत शिपायाच्या आधी पोचल्या. संगणक सुरू केला. वर्षभर त्यांनी डावीकडच्या दोनच बटणांना बोट लावलं होतं. उरलेली दुसऱ्याच्या घरातली कपाटं असावीत तशी त्यांनी लांबूनच पाहिली होती. आज एकेक उघडायला घेतली. तिसऱ्यातून सूचनांची पानंच्या पानं निघाली, पाचव्यातून काही निघालं नाही. आणि सातव्यात, स्वच्छ मराठीत लिहिलेलं : 'नवा नमुना तयार करा.' खाली बारीक अक्षरात : 'एकदा तयार केलेला नमुना प्रत्येक तिकिटासाठी पुन्हा वापरता येतो.'

बाईंनी ते मोठ्याने वाचलं. मग उभ्या राहिल्या. छताचा कायदा विसरल्यामुळे डोकं आपटलं, तरी पुन्हा वाचलं. वर्षभर हे इथं होतं! सातव्या कपाटात! उचक्या सुरू झाल्या त्या पहिल्या तासाची घंटा होईपर्यंत थांबल्या नाहीत.

मिस्त्री दाराशी आले. "काय झालं बाई?"

"मिस्त्री, आपण नमुने करायचे!"

"आहेत की," मिस्त्री वर बोट दाखवून म्हणाले. "शिक्षक-खोली भरलीय."

बाईंनी तीन दिवस बसून पहिला नमुना केला. बावीस वर्षांत जे जे विचारलं होतं ते सगळं त्यात घातलं. प्रश्न झाले तेवीस. वस्तूची लांबी, रुंदी, रंग, बिघाड सुरू झाला तेव्हाचा वार, त्या वेळी वर्गात कोण होतं, आवाज येत असल्यास तो लिहून दाखवा. मोठ्या उमेदीने त्यांनी तो सगळ्यांच्या फोनवर सोडला आणि शिक्षक-खोलीत आग लागल्यासारखा कल्लोळ झाला. गणिताच्या सरांनी तक्रार भरायला लागणारा वेळ दुरुस्तीच्या वेळेने भागून दाखवला. भाषेच्या बाईंनी आवाजाच्या प्रश्नाला दोन पानं उत्तर दिलं. ते फार सुंदर होतं, पण पंख्याचं होतं की नळाचं ते कळेना. खेळाच्या सरांनी तेवीस वेळा 'माहीत नाही' लिहिलं, आणि चोविसावी जागा नव्हती म्हणून थांबले.

महिन्यातले सहा दिवस गेले होते. बाई रडवेल्या होऊन घरी आल्या आणि तेवीस प्रश्नांचा कागद यजमानांपुढे टाकला. यजमानांनी तो दोन्ही हातांत धरून टेपने मापला.

"बावीस इंच," ते म्हणाले. "अगं, शर्टाची एवढी मापं घेतलीस तर गिऱ्हाईक तसंच उघडं घरी जाईल."

"मग काय टाकू? सगळंच लागतं!"

"सगळ्यांना सगळं नाही लागत. पँटवाल्याला मी कॉलर विचारतो का?"

बाईंनी कागद परत ओढून घेतला. मग हळूच उचकी लागली.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी भर दुपारी, डोक्यावर बाराशे पावलं नाचत असताना त्यांनी कात्री चालवली. एका नमुन्याचे पाच केले : दारं-खिडक्या, वीज, पाणी, बाकं-कपाटं, इतर. प्रत्येकात प्रश्न चारच. कुठे? काय? नेमकं काय दिसतंय? आणि तुम्ही काय करून पाहिलंत? लिहायची कटकट नको म्हणून उत्तरंही तयार ठेवली, नुसतं बोट लावायचं. प्रत्येक उत्तर बाई मिस्त्रींना विचारून ठरवत. मिस्त्री दाराशी उभे राहून सांगत, "कडी. बिजागरी. काच. फुगलंय. बास, दाराला पाचवा रोग नाही."

आणि मग बाईंनी सहावा नमुना केला. तो कुठल्याच पद्धतीत बसणारा नव्हता, पण त्यांच्या शाळेत बसणारा होता. त्याचं नावच 'लागत नाही'. उघडला की पहिला प्रश्न, लाल अक्षरात, उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही असा :

'काय लागत नाही?'

खाली चार उत्तरं. दार किंवा खिडकी, बंद होत नाही. दिवा किंवा पंखा, सुरू होत नाही. फोन, पलीकडे पोचत नाही. आणि चौथं : वस्तू, आम्हाला नको आहे, घेऊन जा.

चौथं वाचून मिस्त्रींनी पडद्यावरच्या त्या ओळीला बोट लावलं. "हे बेस आहे," ते म्हणाले.

पहिलं तिकीट आलं ते खेळाच्या सरांचं. बाईंनी श्वास धरला. 'काय लागत नाही? दार. कुठे? सामानाची खोली, तळमजला. काय दिसतंय? कडी. काय करून पाहिलंत? लाथ.' बाई आनंदाने किंचाळल्या. वर चौथीच्या वर्गात कविता थांबली. मिस्त्री एक कडी आणि चार स्क्रू खिशात घालून गेले, पिशवी खालीच. दहा मिनिटांत परत. हिरवं बटण.

मग गंमत सुरू झाली. तिकिटं अशी येऊ लागली की बाईंना ती वाचताना पेढे वाटावेसे वाटत. इतिहासाचे सर चालू शतकात आले. भाषेच्या बाईंनी 'इतर' मध्ये विषण्णतेला जागा ठेवल्याबद्दल आभार मानले. मिस्त्री दिवसाला चार वेळा जिना चढत होते ते दोनदा चढू लागले, आणि बाईंना खालून ऐकू येई : गुडघा दुसऱ्या मजल्यावरही गप्प!

महिनाअखेर समिती आली. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बैठक. नोंदबाई कागद घेऊन भिंतीशी उभ्या. मोठ्या बाईंनी वाचलं, "एकशे चोवीस तिकिटं. पुन्हा उघडलेली सहा."

अध्यक्ष जाडजूड गृहस्थ. कुणी सांगितलेल्यापेक्षा स्वतः दाबून बघितलेल्या बटणावर त्यांचा विश्वास. "सत्तेचाळीसवरून सहा?" ते म्हणाले. "आकडे काय, करावे तसे होतात. आत्ता बघू." त्यांनी फोन काढला. त्यांच्या पाठीमागची खिडकी सकाळपासून वाऱ्याने आपटत होती. ते पुटपुटत लिहू लागले, "खिडकी... लागत... नाही." फोनने विचारलं, काय दिसतंय? कडी, बिजागरी, काच, फुगलंय?

"मला काय माहीत!" अध्यक्ष म्हणाले.

"बघून या," नोंदबाईंच्या तोंडून निघून गेलं. बावीस वर्षांची सवय. "मी आहे इथंच."

खोलीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. ती पडली नाही, बाईंची उचकी तेवढी पडली. अध्यक्ष त्यांच्याकडे बघत राहिले. मग खुर्ची मागे सारून उठले, खिडकीशी गेले, वाकले. अकरा वर्षं ते त्या खिडकीला पाठ करून बसत आले होते.

"बिजागरी," ते जरा नवलाने म्हणाले. "खालची. एक स्क्रू नाहीये." आणि बोट लावलं. खाली मिस्त्रींच्या फोनवर तिकीट वाजलं.

जिन्यावर पावलं वाजली. बाई मोजत होत्या. पहिला मजला, गुडघा गप्प. दुसरा, गप्प. तिसऱ्यावर जरा कण्हला. तेवढा त्याचा हक्कच होता. मिस्त्री आत आले. एका हातात स्क्रूड्रायव्हर, दुसऱ्यात एक स्क्रू. पिशवी नाही. कुणाला काही न विचारता ते सरळ खिडकीशी गेले, खालच्या बिजागरीपुढे बसले, सात-आठ वेळा मनगट फिरवलं, उठले आणि बोटाने खिडकी ढकलली.

टक्.

"लागली," मिस्त्री म्हणाले.

अध्यक्षांनी खिडकी उघडली, लावली, उघडली, लावली. लहान मूल दिव्याच्या बटणाशी खेळतं तसं त्यांचं चाललं होतं. मग फोन हातात घेतला. पडद्यावर लाल बटण आणि हिरवं बटण. अंगठा दोन्हींच्या मधोमध. नोंदबाईंनी तोंडावर पदर दाबून धरला होता, पण उचकी खांद्यातून दिसत होती.

अंगठा हिरव्यावर पडला.

"त्या कंपनीला कळवा," अध्यक्ष मोठ्या बाईंना म्हणाले, "आम्हाला लागत नाही म्हणावं." आणि मग शंका आल्यासारखे नोंदबाईंकडे वळले. "यातलं कितवं हो हे? चौथं ना?"

मोठ्या बाईंनी त्या दिवशी आणखी एक गोष्ट केली. मिस्त्रींना गुडघ्यासाठी आठ दिवसांची सक्तीची रजा दिली. एकतीस वर्षांत त्यांनी सलग आठ दिवस घेतले नव्हते. नाही नाही म्हणत गेले. जाताना हत्यारांची पिशवी नोंदबाईंच्या खोलीत, तिरक्या छताखाली ठेवून गेले.

गुरुवारी सकाळी बाईंनी संगणक उघडला. एक नवं तिकीट. नमुना 'लागत नाही'. टाकणाऱ्याचं नाव पाहून त्यांनी चष्मा पुसला. मिस्त्रींनी जन्मात तिकीट टाकलं नव्हतं. ते फक्त घेत.

'काय लागत नाही? : चारांत नाही. मन.

कुठे? : घरी.

नेमकं काय दिसतंय? : सोमवारपासून काहीच मोडलेलं दिसत नाही.

काय करून पाहिलंत? : झोपून पाहिलं. बायकोची सगळी दारं तासून झाली.'

नियमाप्रमाणे तिकीट एका दिवसात बंद करायचं. बाईंनी ते तसंच उघडं ठेवलं. पुढच्या मंगळवारी जिन्याखालच्या दाराशी एक उंच सावली कायद्याप्रमाणे येऊन उभी राहिली आणि तिने पिशवीकडे हात केला. तेव्हा बाईंनी एका हाताने उचकी दाबली आणि दुसऱ्याने हिरवं बटण.